पाठीनं ढकललेली गाडी

मंदा, तुला गाडीला पाठ लावून उभी राहिलेली पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, तू रुसलीस.

सकाळची वेळ होती. डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगच्या आवारात आमची जुनी काळी गाडी उभी होती आणि तिचा सेल्फ लागत नव्हता. किल्ली फिरवली की आतून नुसतं टक् असं व्हायचं, पुढे काही नाही. मी स्टिअरिंगवर बसून आरशात बघत होते. मला वाटलं, तू दोन्ही हात डिकीवर ठेवून रेटशील, जसं सगळे रेटतात. तू मात्र वळलीस, पदर खोचलास, डिकीला पाठ टेकलीस, टाचा मातीत रोवल्यास आणि हातांची घडी घातलीस. मी खिडकीतून डोकं काढून विचारलं, "अगं, काय झालं? येणार नाहीस का?" तू म्हणालीस, "होरी अशीच सरकवतान चिखलातून. हातानं ढकललीस तं हात मोरतील, पाठीनं ढकललीस तं होरी जाते. तू गिअर टाक."

गाडी गेली. तुझ्या खाडीवरच्या सगळ्या होड्या ओहोटीला अशाच पाठीवर हलत आल्या होत्या, हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की मागे कुणीतरी भक्कम आहे.

तसं आपलं जमायला काही कारण नव्हतं. वागळे इस्टेटमधल्या त्या कारखान्यात मी ऑफिसात टायपिंग करायची आणि तू पॅकिंग खात्यात होतीस. ऑफिसातल्या बायका वरच्या मजल्यावर जेवायच्या, पॅकिंगमधल्या खाली. मी खाली आले ते तुझ्या डब्यातल्या वासानं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आमच्या घरात माशाचं नाव काढायची सोय नव्हती. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि काही न विचारता डब्याचं झाकण माझ्यापुढे सरकवलंस. त्यात बोंबलाचा एक तुकडा होता. तेव्हापासून मी खालीच जेवू लागले. वरच्या बायकांनी नाकं मुरडली. मुरडू देत.

आणि तुला गाडी चालवता यायची. भावाचा माशांचा टेम्पो तू पहाटे बाजारात नेऊन मग कामावर यायचीस. टेम्पो चालवणाऱ्या बायका ठाण्यात तेव्हा आणखी कितीशा होत्या मला माहीत नाही, मी पाहिलेली एकटी तूच. तुझं लायसन्स तू प्लास्टिकच्या पिशवीत घालून ब्लाउजमध्ये ठेवायचीस. मी ते हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं तेव्हा तू विचारलंस, "तुना पायजे? मग घे ना. कोन अरवतंय?"

अडवत होते आमचे अण्णा. तू त्यांना ओळखायचीस, तरी आज सगळं सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. माझ्या नवऱ्यानं, सुरेशनं, मस्कतहून सुट्टीवर आल्यावर हौसेनं ती गाडी घेतली, पंधरा दिवस फिरवली आणि तो परत गेला. मग गाडी कव्हर घालून उभी. सासरे म्हणून अण्णा वाईट नव्हते. मला नोकरी करू दिली, माझ्या पगाराला कधी हात लावला नाही. पण गाडीचं नाव काढलं की त्यांचं एकच वाक्य, "बाईमाणसाची गाडी रस्त्यात बंद पडली तर तिनं काय करायचं? येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातापाया पडायचं?" मी लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाले. एकदा हाताच्या खुणा उलट्या केल्या, एकदा चढावर गाडी मागे आली. तेव्हा अण्णांनी शांतपणे सांगितलं, "शुभा, आता शेवटची संधी. रविवारी गिऱ्हाईक गाडी बघायला येणार आहे. त्याआधी पास झालीस आणि गाडी घरी आणलीस, तर राहील. पण ते एकटीनं झालं पाहिजे. कुणाच्या मदतीवर चालणारी गाडी मला दारात नको."

गिऱ्हाईक यायला चार दिवस होते. सेल्फचा पार्ट मिळायला गॅरेजवाला आठ दिवस मागत होता. आणि मला ती गाडी हवी होती, मंदा. किती हवी होती ते मी फक्त तुलाच सांगितलं होतं. नवरा तिकडे, मी इकडे, सकाळी दुसऱ्यांच्या वेळेवर बाहेर पडायचं आणि संध्याकाळी दुसऱ्यांच्या वेळेवर परत यायचं. एकदा तरी मनात आलं म्हणून बाहेर पडावं आणि उजवीकडे वळायचं की डावीकडे ते मी ठरवावं, एवढंच मला हवं होतं. तू हसली नाहीस. "मग चल," म्हणालीस आणि दुसऱ्या दिवसापासून पाठ लावायला सुरुवात केलीस.

धक्क्यावर गाडी सुरू करायची तुझी पद्धत सोपी होती. दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबून धरायचा, गाडीनं वेग घेतला की तू ओरडणार आणि मी क्लच सोडणार. तू ओरडायचीस ते तुमच्या बोलीत, म्हणजे 'सोड'चं "सोर!" पहिल्या दिवशी मी काय सोडायचं ते विसरले आणि स्टिअरिंग सोडलं. गाडी जाऊन कोपऱ्यातल्या नारळाला टेकली. तू पाठ केलेली, तुला काही दिसलंच नाही. "चालू झाली का गो?" असं तू विचारत होतीस आणि नशीब, अण्णा तेव्हा फिरायला गेले होते.

परीक्षेच्या दिवशी तू सकाळी लवकरच डोंबिवलीला आलीस. शिकाऊ माणसाबरोबर लायसन्सवालं माणूस लागतं, ते तू. अण्णा पेपर वाचत होते. तू त्यांना वाकून नमस्कार केलास, त्यांनी "या" म्हटलं आणि पान उलटलं. दूधवाल्याच्या आणि तुझ्या धक्क्यावर गाडी निघाली. शीळफाटा गेला, मुंब्रा गेलं, कळव्याचा पूल गेला. मी एकदाही इंजिन बंद पडू दिलं नाही. तू शेजारी बसून शेंगदाणे खात होतीस आणि मला म्हणत होतीस, "खांदे खाली कर. गारीला कलतं तू घाबरलीस ते."

आणि खोपटला, एसटी डेपोच्या तोंडाशी, एक बस वळली. मी ब्रेक दाबला, क्लच दाबायला विसरले, आणि गाडी गचका खाऊन गप्प झाली. साडेनऊ वाजून गेले होते. दहाला परीक्षेच्या मैदानावर हजर राहायचं होतं. मागून हॉर्न सुरू झाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू शेंगदाण्यांची पुडी माझ्या मांडीवर ठेवलीस आणि उतरलीस.

पुढचं मी आरशात पाहिलं. तू वळलीस, पाठ लावलीस. एकटीच्या पाठीनं गाडी जेमतेम हलली. रस्ता किंचित उताराचा होता म्हणून थोडी पुढे गेली, आणि तू तुझ्या त्या होड्यांना पुरणाऱ्या आवाजात ओरडलीस, "सोर! सोर! शुभे, सोर!"

डेपोच्या फाटकात एक कंडक्टर चहा पीत उभा होता. त्यानं कप ठेवला आणि "चोर! पकडा!" म्हणत तो धावला. त्याच्या मागे आणखी सहा-सात जण. गाडीच्या पुढून एक चष्मेवाले गृहस्थ हातात बॅग घेऊन घाईनं रस्ता ओलांडत होते. ते घाईत होते एवढाच त्यांचा गुन्हा. कंडक्टरनं त्यांची कॉलर धरली. ते म्हणत होते, "अहो, मी स्कूटर घ्यायला चाललोय, माझी स्कूटर तिथे लावलीय." कंडक्टर म्हणत होता, "कुणाची स्कूटर? दाखव."

तू कमरेवर हात ठेवलेस. "अरं, चोर कंचा? मी तिला क्लच सोर सांगतंय. सोर! सोरायचं! त्या मानसाला सोर आधी." कंडक्टर हसला, चष्मेवाले हसले. त्यांची कॉलर तू स्वतः सरळ केलीस. "आता आलाव तं रिकामे कनाला जाताव?" असं म्हणून तू सगळ्यांना वळवून पाठी लावायला लावलंस. आरशात मला आठ-नऊ माणसांच्या पाठी दिसत होत्या. खाकी, पांढऱ्या, आणि मधे तुझी हिरवी साडी. "सोर!" अशी हाक आली आणि मी क्लच सोडला.

गाडी सुरू झाली. आणि मी थांबले नाही. थांबले तर बंद पडेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मागे एकदम आधार निघून गेल्यावर त्या पाठींचं काय झालं ते मला आरशात दिसलं. तू मधोमध रस्त्यात बसली होतीस आणि माझ्याकडे हात हलवत होतीस, म्हणजे जा, जा.

मी एकटी मैदानावर पोचले. ते नियमात बसत नव्हतं, आता सांगायला हरकत नाही. रांगेत गाडी लावून, इंजिन घुरघुरत ठेवून, मी तुझी वाट बघत बसले. माझा नंबर यायला दोन गाड्या राहिल्या असताना फाटकातून एक स्कूटर आत आली. चालवणारे चष्मेवाले, आणि मागे तू, एका हातात त्यांची बॅग आणि दुसऱ्या हातात तुझी चप्पल.

परीक्षा घेणारे साहेब उंच, बारीक आणि कमी बोलणारे होते. आत बसले आणि पहिलंच वाक्य म्हणाले, "इंजिन बंद करा. सुरुवातीपासून दाखवा." खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण तू खिडकीशी उभी होतीस. मी म्हटलं, "साहेब, सेल्फ गेलाय. बंद केली तर धक्का लागेल." ते म्हणाले, "मग लागू दे. धक्का मारायला माणसं आहेत का?" तू मागे वळून बघितलंस. आपापल्या परीक्षेची वाट बघत पंधराएक जण उभे होते. त्यांना तू काय सांगितलंस मला ऐकू आलं नाही. मी किल्ली बंद केली. आरशात बघते तर सगळे पाठ करून उभे. साहेबांनी मान वळवून ते दृश्य पाहिलं आणि विचारलं, "हे सगळे नाराज का आहेत?"

मी त्यांना होड्यांचं सांगितलं. तेवढ्यात तुझी हाक आली.

मग मी ते मैदान कसं पार केलं ते तुला आठवत असेल, मला नीट आठवत नाही. आठचा आकडा काढला. उलटी गाडी घेऊन दोन खांबांमध्ये लावली. चढावर थांबले, आणि तिथे इंजिन बंद पडलं असतं तर वर ढकलायला कुणाचीही पाठ पुरली नसती. गाडी एक बोटही मागे आली नाही. साहेब उतरले, कागदावर सही केली आणि म्हणाले, "गाडी नापास आहे. तुम्ही पास." त्या पंधरा जणांनी टाळ्या वाजवल्या. चष्मेवाल्यांनी माझ्याशी हात मिळवला. तू माझ्या गालावर एक चापट मारलीस, ती चांगली जोरात लागली.

इथवर सगळं छान आहे. इथवरचं आपण दोघींनी शंभरदा एकमेकींना सांगून हसून घेतलंय. त्यापुढचं आपण कधी हसून सांगितलं नाही.

आपण डोंबिवलीला परत आलो. आवारात शेजारपाजारचे जमले होते, अण्णा खाली उतरून आले होते. मी त्यांच्या हातात कागद ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "कुणाची मदत?" मी म्हटलं, "कुणाची नाही, अण्णा. एकटीनं केलं." तू माझ्या शेजारी उभी होतीस. कोपरापाशी खरचटलेलं होतं, साडीला मागे रस्त्याची माती होती. तू पेढा दिला तो खाल्लास, पाणी प्यायलीस. अण्णांनी गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलं. गाडी राहिली.

तुला स्टेशनपर्यंत सोडायला आले तेव्हा तू म्हणालीस, "खोटा कनाला बोललीस?" मी म्हटलं, "तुला आमचं घर माहीत नाही. मदतीचं नाव काढलं असतं तर गाडी गेली असती." तू म्हणालीस, "गेली असती तं गेली असती. माझं नाव नको घेऊस, मना त्याचं काय नाय. पन मदत घेतली ती लपवायची गोष्ट हाय का गो? होरी कोनी एकटा काढतंय का कधी?" मला राग आला. तुला सगळं सोपं वाटतं, असं काहीतरी मी बोलले. लोकल आली, तू चढलीस आणि खिडकीतून म्हणालीस, "उद्या डबा जास्त आनते."

ते भांडण मिटलं नाही. पुढच्या वर्षांत ते अधूनमधून डोकं वर काढायचं. गाडीत नवा सेल्फ बसला. पॅकिंगमधल्या चौघींना घेऊन आपण टिटवाळ्याला गेलो, तुझ्या भाचीला परीक्षेला नेलं, पावसात पाणी शिरून गाडी दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा तू आलीस. एकदा तुझाच टेम्पो विठ्ठलवाडी स्टेशनाजवळ बसला, तेव्हा तू दुकानातून मला फोन केलास. मी साडी नेसून ऑफिसला निघाले होते. आले, वळले, पाठ लावली. माशांचं पाणी पाठीवरून थेट पायांपर्यंत गेलं. टेम्पो सुरू झाल्यावर मी म्हटलं, "आता थँक्यू म्हण." तू म्हणालीस, "थँक्यू परक्याला बोलतान. तू घरी जाऊन सांगशील ना, कोनाला ढकललंस ते? मी तं सगल्यांना सांगनार, माझ्या शुभानं टेम्पो ढकलला." मी त्या दिवशी घरी सांगितलं की बादली उलटली.

मी तुला सांगणार होते, मंदा. अण्णांना खरं सांगायचं आणि मग तुला येऊन सांगायचं की सांगितलं, असं मी कितीतरी वेळा ठरवलं. वर्षं गेली, अण्णा म्हातारे झाले, सुरेश कायमचा परत आला, गाडीबद्दल कुणी काही विचारेनासं झालं. सांगायला काहीच अडचण उरली नाही, आणि म्हणूनच राहिलं. तुझं आजारपण एवढं झटपट उरकेल असं मला वाटलं नव्हतं.

परवा तुझ्या दहाव्याला मी कोळीवाड्यात आले. बरोबर अण्णा होते. ऐंशीला आलेत, पण "मला यायचंय" म्हणाले, मी विचारलं नाही का. तुमच्या अंगणात मांडव होता. तुझ्या आयनं मला जवळ बसवलं, माझा हात हातात घेतला आणि जमलेल्या बायकांना म्हणाली, "हीच ती शुभा. गारीच्या परीक्षेत एकटी पास झाली, कोनाची मदत नाय घेतली. आमची मंदा सगल्यांना सांगायची."

मला कळेना. मी म्हटलं, "आय, असं मंदानं सांगितलं?"

तुझी बहीण म्हणाली, "दर वेली. तुमची गोष्ट निघाली का तायचं हेच, माझी शुभा एकटी गेली आनि एकटी जिंकली."

म्हणजे खोटं मी एकदा बोलले आणि ते इतकी वर्षं सांभाळलंस तू. माझ्याशी भांडत राहिलीस आणि चार माणसांत माझा शब्द पडू दिला नाहीस. विठ्ठलवाडीला मी टेम्पो ढकलला ते सगळ्यांना सांगितलंस, आणि खोपटला तू रस्त्यात बसलीस ते कुणालाच नाही. मला खूप रडू आलं. मग राग आला, तुझा, आणि त्यानंतर काय झालं मला सांगता येत नाही, पण मी उभी राहिले.

मी सगळं सांगितलं. सेल्फ, पाठी, "सोर", कंडक्टर, कॉलर. कॉलरवर तुझी बहीण हसली, साहेबांच्या "नाराज का आहेत"वर मांडवातले पुरुष हसले, तुझी आय तोंडाला पदर लावून हसत होती आणि रडत होती. दहाव्याच्या मांडवात एवढं हसलेलं बरं दिसतं का, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो बाजूला ठेवला. तू असतीस तर सगळ्यांत मोठ्यानं हसली असतीस. शेवटी मी म्हटलं, "मी एकटी नव्हते. एक दिवसही नव्हते. मंदा नसती तर माझ्या दारात गाडी नसती, आणि हे मी घरी सांगितलं नाही."

अण्णा खुर्चीवर बसले होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते हळूच उठले, तुझ्या आयसमोर गेले, काठी काखेत धरून दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "तुमच्या लेकीनं आमच्या घरावर फार उपकार केले. ती दारात आली होती आणि मी पेपर वाचत बसलो. माझी अट चुकीची होती."

आयनं त्यांना हाताला धरून खाली बसवलं आणि चहा आणायला सांगितला.

आपलं भांडण संपलं, मंदा. तू जिंकलीस. भर मांडवात, सगळ्यांसमोर, अण्णांच्या तोंडून जिंकलीस. ऐकायला फक्त तू नव्हतीस.